शब्दचर्चा : 'पार्टिझन'ला मराठीत काय म्हणावं?

दुसऱ्या महायुद्धातल्या ज्यू छायाचित्रकार फेय शुलमन यांच्यावर मराठीत टिपण लिहितेय. पूर्व पोलंडमधल्या (आज बेलारूस) लेनिन गावात 14 ऑगस्ट 1942 ला नाझींनी घेट्टोतल्या (ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतल्या) सुमारे 1,850 ज्यूंना ठार केलं. फेय यांना फोटो काढता येत, म्हणून जिवंत ठेवलं. नाझींनी दिलेली फिल्म धुताना खड्ड्यातली प्रेतं दिसली, ती त्यांच्या घरच्यांचीच. त्या फोटोची एक प्रत त्यांनी लपवून ठेवली. पुढे जंगलात जाऊन त्या 'पार्टिझन' झाल्या, म्हणजे तिथून नाझींशी लढणाऱ्या तुकडीतल्या. इथे अडलेय. गनिमी सैनिक, बंडखोर, भूमिगत, छापामार, काहीच बसत नाही.

— ताई, 'बंडखोर' आधी काढा. तिकीट न मिळालेला उमेदवार डोळ्यांसमोर येतो. आणि घरादारासकट संपवायला निघालेल्यांशी लढणं हे बंड कसं? 'गनीम' मूळ अरबी, शत्रू, लुटारू. मोगल मराठ्यांना गनीम म्हणत. 'गनिमी कावा' आपण अभिमानानं म्हणतो, पण ते डावपेचाचं नाव. माणसाला गनीम म्हटलं की तो शत्रूच. 'पार्टिझन'च्या मूळ इटालियन शब्दाचा अर्थ 'बाजू घेणारा'. त्यावरून कोशातला 'पक्षपाती' मात्र उचलू नका.

— 'भूमिगत' मला जवळचा वाटतो. साताऱ्याचं प्रतिसरकार त्याच काळातलं.

— दादा, तिथेच फरक आहे. आपल्याकडचा भूमिगत गावच्या आधारावर राहायचा, रानात भाकरी पोचायची. ज्यू माणसाला तिथे कुठल्या दारी जावं याची खात्री नव्हती. सोव्हिएत पार्टिझन तुकड्यांतही ज्यूद्वेष होता.

— 'छापामार'ही अपुरा आहे. फेय मोलोतोवा ब्रिगेड या सोव्हिएत पार्टिझन तुकडीत परिचारिका होत्या; तिथले डॉक्टर मुळात गुरांचे डॉक्टर. त्या बंदूक बाळगत, छाप्यांत जात आणि फोटोही काढत. रात्री घोंगड्यांखाली फिल्म धुवायची. हे सगळं 'छापामार'मध्ये कुठे मावतं? नालिबोकी जंगलातला (आज बेलारूस) बिएल्स्की या ज्यू बंधूंचा पार्टिझन तळ घ्या. 1944 च्या उन्हाळ्यात तिथून सुमारे 1,200 ज्यू जिवंत बाहेर आले. त्यात म्हातारी माणसं, बायका, पोरं पुष्कळ. तळावर शिंपी, चांभार, गिरणी, शाळा. बूट शिवणारा म्हातारासुद्धा त्या पार्टिझन तळाचाच माणूस.

माझं मत: 'पार्टिझन' तसाच ठेवा. पहिल्यांदा येईल तिथे 'जंगलात तळ ठोकून नाझींशी लढणाऱ्या पार्टिझन तुकड्या' असं वाक्यातच उलगडा. 'वनयोद्धा' वगैरे नवं काही घडवू नका, पोवाड्यासारखं वाटतं.

— पटलं. आणि 'झेमल्यांका'? तुकड्या राहायच्या ती जागा. मी 'भुयार' लिहिलंय.

— भुयार नको. भुयार खरंखुरं वेगळं आहे: त्याच भागातल्या नोवोग्रुदेक शहराच्या छावणीतून सप्टेंबर 1943 मध्ये ज्यू कैदी भुयार खणून निसटले, त्यातले बरेच बिएल्स्कींकडे पोचले. तोच शब्द दोन्हीकडे आला तर वाचक गोंधळेल. झेमल्यांका म्हणजे अर्धं जमिनीत खणलेलं घर. वर ओंडके, त्यावर माती. आपल्या धाब्याच्या घराचं छप्पर नुसतं जमिनीलगत आणा. 'खणघर' कसं वाटतं?

— 'खणघर' घेते. पहिलं वाक्य असं केलंय: 'फेय जंगलात गेल्या आणि पार्टिझन झाल्या.' 'सामील झाल्या' मुद्दाम टाळलंय. सामील व्हायला आधीचं काही शिल्लक लागतं.