फुलझाडांच्या वाफ्यात भाजीपाला : आपापले अनुभव लिहावेत

खान्देशात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला, की नुसत्या शोभेच्या झाडांना पाणी घालताना हात आखडतो. ज्यांनी अंगणातल्या फुलझाडांतच खाण्याजोगी झाडे लावली आहेत, त्यांनी काय जगले आणि काय फसले, ते येथे लिहावे.

जळगाव : रोज पाणी देऊनही मे महिन्यात तांबूस पडणारी फाटकाजवळची हिरवळ मी अखेर काढून टाकली. तिथल्या गुलाबांच्या कडेने आता कांद्याची पात असते आणि मधल्या वाफ्यात झेंडूच्या जोडीने भरताची वांगी. वांग्याच्या परागकोशांना टोकाशी बारीक छिद्रे असतात. भुंगा फुलाला बिलगून गुणगुणला, की त्या थरथरीने पराग खाली झडतो, हे जवळ बसून पाहण्यासारखे आहे. झेंडूमुळे मुळांवरच्या सूत्रकृमींना आळा बसतो, पण शेंडे पोखरणारी अळी त्याला जुमानत नाही. शेंड्याने मान टाकली, की तो अळीसकट खुडावाच लागतो. थंडीत भरतासाठी पात मात्र दारातच मिळते.

भुसावळ : न्हाणीच्या सांडपाण्यावर पूर्वी नुसती कर्दळ होती, तिच्यामागे केळी लावल्या. पश्चिमेच्या झळांनी पाने करपू लागली, तेव्हा केळीच्या मळ्यात लावतात तशी शेवरी आडोशाला लावली.

धुळे : जास्वंदीच्या रांगेत लिंबू आणि कढीपत्ता लावला. पावसाळ्यात कोवळ्या पानांवर पक्ष्यांची विष्ठा पडलेली दिसे. नीट पाहिल्यावर ती फुलपाखराची अळी निघाली. मी त्या वेचून टाकत होते, पण मुलीने हट्ट धरल्यामुळे एक लिंबू आम्ही अळ्यांच्याच नावे सोडले आहे, आणि लोणचे दुसऱ्यावर भागते.

शहादा : फायदे मान्य असले, तरी एक सावधगिरी सांगतो. अंगणातले तोडून खायचे, अशी सवय नातवाला लागल्यावर विषारी कण्हेर आणि दुरांटा आम्हाला मुळासकट काढावे लागले. त्या जागी पावसाळ्याच्या तोंडावर लाल अंबाडी पेरली. तांबड्या देठांचे ते कुंपण कण्हेरीपेक्षा देखणे दिसते आणि आंबट भाजीही घरचीच होते. दिवाळीनंतर मात्र नुसत्या काड्या उरतात, आणि त्यांच्यामधून गल्लीतल्या शेळ्या थेट तुळशीपर्यंत येतात.