हात बसला की नर्स तयार? मनोरुग्ण वॉर्डाबद्दल

रातपाळी: "स्वतःला ओळखा वगैरे वर्गात ठीक, इंजेक्शन आणि रुग्णाला आवरणं जमलं की नर्स तयार." ही पोस्ट वाचून राहवेना. रुग्ण ओरडत अंगावर येतो तेव्हा दोन हात अंतर, थोडं तिरकं उभं राहणं, त्याची वाट न अडवणं, एकीनेच बोलणं, हे सगळं पाठ असतं. पण आपल्याला राग आलाय हेच कळलं नाही तर आवाज चढतो, पाऊल पुढे पडतं आणि त्याला ती धमकी वाटते.

सिरिंज: पोस्ट माझीच. हॅलोपेरिडॉल या मनोविकारावरच्या औषधानंतर मान वाकडी झाली, डोळे वर गेले, तर तो डिस्टोनिया, म्हणजे औषधाने स्नायू आखडणं. लिथियम या मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधावर जुलाब, हात जोरात थरथरणं, तोल जाणं दिसलं की पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना कळवायचं आणि रक्तातली पातळी बघायची. हे स्वभानाने कळतं का?

रातपाळी: नाही. पण त्याच वाकड्या मानेला 'नाटक' कोण म्हणतं? सकाळपासून त्याला वैतागलेली नर्सच.

रजिस्टर: ते राहू द्या, जीवाचं बरंवाईट करू शकणाऱ्या रुग्णाला दर पंधरा मिनिटांनी बघून भरायच्या तक्त्याचं बोला. २:००, २:१५, २:३०, सगळं एका दमात, पाळी संपताना भरलेलं! आणि खरोखर ठरल्या ठोक्याला फेरी मारली तरी रुग्णाला मधला वेळ पाठ होतो. पंधराच्या आत, पण अनियमित जा. पांघरूण बघून 'झोपला' लिहू नका. चेहरा दिसला पाहिजे, छाती हलताना दिसली पाहिजे.

सिरिंज: तीस रुग्णांना दोघी असताना? बोलणं सोपं आहे.

रजिस्टर: मग रकाना रिकामा सोडा! त्यावर माणसं मागता येतात. भरलेला तक्ता सांगतो की दोघी पुरल्या.

सिरिंज: हे मान्य. पण स्वतःला ओळखायला भावनांची डायरी लिहा, हे नाही.

रातपाळी: डायरी कोण मागतंय? प्रोसेस रेकॉर्डिंग, म्हणजे रुग्णाशी झालेलं बोलणं आणि तेव्हा स्वतःला काय वाटलं याची रकान्यांतली नोंद, नीट करा. रुग्ण म्हणतो, "मी नसलो तर कुणाचं काय अडतं?" विद्यार्थिनी म्हणते, "असं बोलू नये. जेवलात का?" 'मला काय वाटलं'च्या रकान्यात 'काही नाही', आणि खाली शिक्षिकेची सही! ती घाबरली होती. म्हणून "जीव द्यायचा विचार येतो का? काही ठरवलंय का?" हे विचारायचं राहिलं.

सिरिंज: तो प्रश्न सरळ विचारता आलाच पाहिजे. एवढ्यापुरतं तुमचं खरं. पण मग त्या रकान्याला गुण द्या; नाहीतर मुली 'काही नाही'च लिहिणार.