मेडिकल पीजीची सीट भरण्याआधी डिपार्टमेंटचं वातावरण कसं ओळखायचं?

इंटर्न, लातूर
नीट पीजीत रँक बरा आलाय, स्टेट कोट्यातून गायनॅक मिळेल असं दिसतंय. कॉलेजांची पसंती भरायला (चॉइस फिलिंग) आठवडा उरलाय. कटऑफ, स्टायपेंड, हॉस्टेल सगळं लिहून काढलं. पण तिथे ज्युनियरला माणसासारखं वागवतात का, हे कुठेच कळत नाही. सीनियरना फोन केला की "काम खूप आहे, पण शिकायला मिळतं" एवढंच ऐकायला येतं. माझी मैत्रीण चार महिन्यांत सीट सोडून घरी आली, तेव्हापासून मी धास्तावलेय. नेमकं काय विचारू?

गायनॅक एसआर (सीनियर रेसिडेंट)
अगं, मीही एक सीट सोडली होती. पुन्हा नीट दिली आणि दुसऱ्या कॉलेजात तीच ब्रँच केली. पेशंटची गर्दी दोन्हीकडे सारखीच, म्हणून सांगते: कामाच्या ओझ्याला घाबरू नकोस.

पहिल्या ठिकाणी एकदा हिमोग्लोबिनचा एक रिपोर्ट राऊंडपर्यंत आला नाही. शिक्षा म्हणून रात्री दोन वाजता मला वॉर्डातले सगळे केस पेपर नव्याने लिहायला बसवलं आणि वर पुढची इमर्जन्सीही माझ्याच नावावर लावली. त्यातून मी काय शिकणार होते?

दुसऱ्या ठिकाणी पहिल्याच आठवड्यात बाळंतपणानंतर एका बाईचा रक्तस्राव थांबेना. मी सवयीने ब्लड बँकेची स्लिप घेऊन पळायला निघाले. जेआर थ्रीने, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या ज्युनियर रेसिडेंटने, ती माझ्या हातातून काढून वॉर्डबॉय मामांकडे दिली. म्हणाली, "तू इथेच थांब. गर्भाशयावर हात ठेव, कडक होतंय का सांग." माझा हात थरथरत होता, तर तिने तिचा हात त्यावर ठेवला. ती बाई वाचली. ते गर्भाशय हाताखाली घट्ट होत गेलेलं मला आजही जाणवतं.

म्हणून विचारायचं ते हे: ब्लड बँकेत सॅम्पल कोण नेतं? जेआर वन आजारी पडली तर तिचा वॉर्ड कोण बघतं? आणि तीन वर्षांपूर्वी किती जणांनी सीट घेतली, त्यातले परीक्षेला किती बसले? यातला फरक कुणी झाकू शकत नाही.

स्वतः जाऊन ये, पण सकाळी अकराला नको. युनिटच्या इमर्जन्सी ड्युटीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला जा. आदल्या रात्रीचीच मुलगी, त्याच स्क्रबमध्ये, अजून डिस्चार्ज लिहीत बसलेली दिसली तर समजून जा. लेबर रूमच्या मावशींशीही बोल. यंदा कोण रडत गेलं, कोण सोडून गेलं, त्यांना सगळं ठाऊक असतं.

मेडिसिन, जेआर टू
ताईंशी सहमत. एक भर घालतो: जो सध्या आत आहे तो फोनवर मोकळं बोलणार नाही, थीसिसवर सही बाकी असते. नुकताच पास होऊन बाहेर पडलेला गाठ, आणि एकाच्या नाही, वेगवेगळ्या युनिटच्या दोघा-तिघांच्या बोलण्यावर जा.

ड्युटी रोस्टर मागून बघ. 1992 च्या केंद्रीय रेसिडेन्सी योजनेत आठवड्याला 48 तास लिहिलेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या (एनएमसी) 2023 च्या नियमांत आठवड्याची सुट्टी आणि वर्षाला किमान 20 दिवस पगारी रजा आहे. 2024 मध्ये त्यांच्याच टास्क फोर्सने आठवड्याला 74 तासांच्या वर नको असं सुचवलं. प्रत्यक्षात 48 कुठे पाळतात हे मी तरी पाहिलेलं नाही. पण गेल्या वर्षी कुणी किती रजा घेतली, हे विचारल्यावर समोरचा गप्प झाला तर ते उत्तर लिहून ठेव.

सर्जरी, नुकताच पास
मार्डच्या, म्हणजे निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या, तिथल्या प्रतिनिधीलाही भेट. तक्रार झाली तेव्हा कॉलेजने काय केलं, एवढंच विचार. तक्रारच आली नाही म्हणाला तर मला खात्री वाटणार नाही. तक्रार आली आणि त्या सीनियरचं युनिट बदललं असं ऐकलंस, तर ते कॉलेज यादीत वर घे.

इंटर्न, लातूर
मनापासून आभार. ताई, यादीतल्या पहिल्या कॉलेजात गुरुवारी इमर्जन्सी असते असं कळलं. शुक्रवारी दुपारच्या एसटीने निघते, पाचपर्यंत पोचेन. मावशींसाठी घरून लाडू नेते.