इंदूरहून थिंफूला शेव पाठवायची आहे: पैसे रुपयांत येणार, मग ही निर्यात धरायची की देशातली विक्री?

सांवेररोडवाला (इंदूर)

आमचं शेव-मिक्श्चरचं युनिट सांवेर रोडला आहे. थिंफूच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडून पहिली ऑर्डर आली आहे. 200 ग्रॅमची पाकिटं, एकंदर 6 टन माल. पैसे भारतीय रुपयांतच मिळणार आहेत. सियागंज बाजारातले लोक सांगतात, भूतान म्हणजे घरचंच. जीएसटी लावून साधं बिल करा, सीमेवरच्या जयगावला माल उतरवा, पुढचं तो बघेल. सीए म्हणतात एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र, भरा. दोन्हींतलं बरोबर काय? आणि मुळात परक्या देशाशी व्यवहार रुपयांत कसा चालतो, हेही कुणी नीट सांगितलं तर बरं होईल. बँकेत वेगवेगळी उत्तरं मिळताहेत.

लेखापाल रामबाग

सीएंचं ऐका. रुपयांत पैसे आले तरी ही पूर्ण निर्यात आहे. वस्तू देशाबाहेर गेली की जीएसटीत निर्यात होते. नेपाळ-भूतानला रुपयांत माल गेला तरी एलयूटी चालते, हे ऑक्टोबर 2017 च्या 8/8/2017 या परिपत्रकात स्पष्ट लिहिलं आहे. बँकेतल्या माणसाला तेच दाखवा.

कामाचा क्रम असा ठेवा. आयईसी (आयात-निर्यातदाराचा क्रमांक) काढा आणि बँकेचा एडी कोड (परकीय व्यवहारांसाठी अधिकृत शाखेचा क्रमांक) आइसगेट या सीमाशुल्काच्या संकेतस्थळावर नोंदवा. मग आरएफडी-11 या जीएसटीच्या अर्जात एलयूटी भरा. ती एका आर्थिक वर्षापुरतीच असते, त्यामुळे एप्रिलमध्ये बिल होत असेल तर नव्या वर्षाची लागते. बिलावर माल एलयूटीखाली, आयजीएसटी (आंतरराज्य आणि निर्यात व्यवहारांवरचा जीएसटी) न भरता निर्यात होत असल्याचा शेरा, खरेदीदाराचा भूतानमधला पत्ता आणि देशाचं नाव हवं. समुद्राने किंवा विमानाने माल जातो तेव्हा शिपिंग बिल असतं, रस्त्याने जाताना त्याच जागी बिल ऑफ एक्सपोर्ट. त्याचा क्रमांक, तारीख आणि जयगाव सीमाशुल्क केंद्राचा कोड जीएसटीआर-1 या विक्रीच्या विवरणपत्राच्या तक्ता 6ए मध्ये हुबेहूब उतरला पाहिजे. कोडमधलं एक अक्षर चुकलं तरी परतावा अडकतो.

जयगावला माल "उतरवून" देण्यात धोका आहे. जयगाव पश्चिम बंगालमध्ये आहे. तिथल्या व्यापाऱ्याच्या नावाने बिल झालं तर ती आंतरराज्य विक्री, पूर्ण आयजीएसटी लागणार. तो व्यापारी स्वतः निर्यातदार असेल तर फक्त 0.1 टक्का कर लावायची सवलत आहे, पण त्यासाठी तो निर्यात प्रोत्साहन परिषदेकडे किंवा वस्तू मंडळाकडे नोंदलेला हवा, माल तुमच्या कारखान्यातून थेट सीमाशुल्क केंद्रात किंवा नोंदणीकृत गोदामात जायला हवा आणि बिलापासून 90 दिवसांत हद्द ओलांडायला हवा. त्याच्या दुकानात महिनाभर पडून राहिलेला माल यात बसत नाही.

तुमच्या एलयूटीतही मुदत आहे. बिलापासून तीन महिन्यांत माल बाहेर गेला नाही तर पुढच्या 15 दिवसांत कर आणि 18 टक्के व्याज भरावं लागतं. माल वेळेत गेला तर वेष्टनाच्या फिल्मवर भरलेल्या 18 टक्के कराचं क्रेडिट आरएफडी-01 या परताव्याच्या अर्जातून परत मागता येतं. पहिल्या खेपेला रक्कम लहान वाटेल, तरी मागाच. कागद एकदा बसले की पुढचं सोपं जातं.

इतिहासाची मास्तरीण

रुपयांचा प्रश्न विचारलात ते चांगलं केलंत. 8 ऑगस्ट 1949 ला दार्जिलिंगला भारत-भूतान मैत्री करार झाला. मुक्त व्यापाराचं तत्त्व त्यातच आहे. त्याच कराराने भारताने देवनगिरीचा 32 चौरस मैलांचा प्रदेश परत केला आणि भूतानला द्यायचं वार्षिक देणं 5 लाख रुपयांवर नेलं. परराष्ट्र व्यवहारात भूतान भारताच्या सल्ल्याने चालेल असं त्याचं दुसरं कलम होतं; 8 फेब्रुवारी 2007 च्या नव्या करारात त्याऐवजी दोघांनी राष्ट्रीय हिताच्या बाबतीत जवळून सहकार्य करायचं ठरलं. हा बदल मला फार मोलाचा वाटतो, कारण मोठ्या शेजाऱ्याने स्वतःहून पाऊल मागे घेतल्याची उदाहरणं जगात थोडी आहेत.

व्यापाराचा पहिला स्वतंत्र करार 1972 चा, सध्याचा 2016 मध्ये सही होऊन जुलै 2017 पासून लागू झालेला. त्यात देवाणघेवाण रुपये आणि ङुल्त्रुम या भूतानी चलनात करायची तरतूद आहे. ङुल्त्रुम 1974 ला आलं, तेव्हापासून एकास एक रुपयाशी बांधलेलं आहे, आणि रुपया भूतानात कायदेशीर चलन आहे.

पण रुपया तिथे छापता येत नाही, तो कमवावा लागतो. मोठी कमाई विजेची: चुखा 336 मेगावॉट, ताला 1020, मांगदेछू 720. तिन्ही प्रकल्प भारताच्या अनुदानातून आणि कर्जातून उभे राहिले. हिवाळ्यात नद्यांचं पाणी घटतं, तेव्हा भूतानला उलट आपल्याकडून वीज घ्यावी लागते. आयात कमाईच्या पुढे गेली की रुपये आटतात. मार्च 2012 मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेला रुपये देण्यावर आणि गाड्या-घरांच्या कर्जांवर बंधनं घालावी लागली होती. म्हणून पहिल्या व्यवहारात उधारी नको. अर्धी रक्कम आगाऊ आणि उरलेली माल जयगावच्या पलीकडच्या भूतानी फुन्त्शोलिंगला पोचल्यावर, किंवा सरळ पतपत्र (बँकेची पैशांची हमी, लेटर ऑफ क्रेडिट) घ्या. बिल रुपयांत करा, ङुल्त्रुममध्ये नको. भाव सारखा असला तरी ती नोट इंदुरात कुणी घेणार नाही.

हासिमारा मार्गे

गाडीचं सांगतो. ई-वे बिल (मालवाहतुकीचं जीएसटीचं ऑनलाइन पत्र) इंदूर ते जयगाव बनतं. प्रकार "निर्यात", खरेदीदार नोंदणी नसलेला, राज्य "इतर देश", पण माल पोचवायचं ठिकाण आणि पिनकोड सीमाशुल्क केंद्राचा. दर 200 किलोमीटरला एक दिवस मिळतो, म्हणजे या अंतराला नऊ-दहा दिवस. पावसाळ्यात उत्तर बंगालच्या रस्त्यावर गाडी अडकली तर मुदत संपण्याच्या 8 तास आधी किंवा नंतर वाढवता येते. ती वेळ चुकली तर मधल्या तपासणीत दंड.

जयगावचा कस्टम ब्रोकर (सीमाशुल्काचं काम करून देणारा दलाल) गाडी निघण्याआधी ठरवा, पोचल्यावर शोधू नका. बिल, पॅकिंग लिस्ट, एलयूटी, एफएसएसएआयचा अन्नसुरक्षा परवाना, घटकपदार्थांची यादी आणि बॅचचा तपासणी अहवाल त्याला आधी पाठवा. पलीकडची आयात परवानगी आणि तिथला कर खरेदीदाराच्या नावावर असतो. सीमाशुल्क भारतीय मालाला लागत नाही, पण तिथला देशांतर्गत कर लागतोच, म्हणून भाव ठरवताना तो कुणी भरायचा हे लिहून घ्या.

फुन्त्शोलिंगला माल उतरवून भूतानी गाडीत भरला जाईल असं धरून चाला. तिथून थिंफूपर्यंत घाट आहे. सोरचेन आणि जुमजाच्या भागात जून ते सप्टेंबर दरडी येतात. शेव पहिल्यांदाच पाठवताय तर ऑक्टोबरनंतरची तारीख घ्या. पुढे बानरहाट ते सामत्से हा 20 किलोमीटरचा रेल्वेमार्ग व्हायचा आहे, सप्टेंबर 2025 मध्ये दोन्ही सरकारांनी जाहीर केलाय. तो झाला की या भागातल्या मालाचं गणितच बदलेल.

सांवेररोडवाला

खूप आभार सगळ्यांचे. आणखी एक: खरेदीदार म्हणतो, आधी दुसऱ्या कुणाची पाकिटं फुगून फुटली होती. आमची पाकिटं नायट्रोजनची, मेटलाइज्ड फिल्मची आहेत. सील वाढवलं की पुरे का?

वेष्टनवाली

पुरणार नाही, दादा. कारण हवेच्या दाबात आहे. इंदूर 550 मीटरवर, दाब साधारण 950 हेक्टोपास्कल. थिंफू 2,300 मीटरच्या वर, तिथे 770 च्या आसपास. आत भरलेला वायू तिथे सव्वापट जागा मागतो. थिंफूच्या पुढे पुनाखाकडे माल गेला तर दोचू ला खिंड 3,100 मीटरवर आहे, तिथे दाब 690 च्या जवळ येतो आणि फुगवटा 37-38 टक्क्यांवर जातो. पाकीट इंदुरातच टम्म भरलेलं असेल तर वाढायला जागा कुठे? मग सगळा ताण मधल्या उभ्या सीलवर येतो आणि तिथूनच ते उसवतं. लगेच फुटलं नाही तरी सुईएवढी गळती राहते, ओलावा शिरतो, शेव नरम पडते, तेल खवट होतं. खरेदीदाराला फक्त खवटपणा दिसतो आणि दोष तुमच्या तेलाला लागतो.

उपाय दोन. वायूचा भर कमी करा: पाकीट हाताला थोडं सैल लागलं पाहिजे, नेहमीच्या दोन-तृतीयांश फुगवट्यावर ठेवा. नायट्रोजनचं शुद्धपण कमी करू नका, फक्त आकारमान. आणि पाकिटं खोक्यात ठासून बसवू नका, वर दोन बोटं जागा सोडा, नाहीतर फुगलेली पाकिटं खोक्याचे सांधे उघडतात. गाडी बदलताना दोनदा हाताळणी होणार, तेव्हा पाच थरांचं खोकं तरी घ्या.

तपासणी घरच्या घरी होते. पाण्याच्या लीक टेस्टरमध्ये पाकीट बुडवून 200 मिलिमीटर पाऱ्याची निर्वात ओढ द्या, म्हणजे दोचू लाची स्थिती झाली. 250 वर पाच मिनिटं टिकलं आणि बुडबुडा आला नाही तर निर्धास्त पाठवा. एकाच पाकिटावर भागवू नका. मशीनच्या प्रत्येक जबड्यातून आणि रोल बदलल्यानंतरच्या पहिल्या पाकिटांतून नमुने काढा, कारण सीलचं तापमान तेव्हाच घसरतं.

लेखापाल रामबाग

एक राहिलं. खरेदीदाराला भेटायला जाणार असाल तर आधार कार्ड चालत नाही. मतदार ओळखपत्र किंवा सहा महिने वैध पासपोर्ट न्या. पर्यटक म्हणून थिंफूला मुक्काम केलात तर भारतीयांना माणशी दर रात्री 1,200 चं शाश्वत विकास शुल्क आहे. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे असतं. म्हणजे जयगावला साडेचार वाजले की पलीकडे पाच झालेले असतात. गाडीचे कागद दुपारच्या आधीच हातात पडतील असं ब्रोकरला सांगून ठेवा, आणि 17 डिसेंबर ही त्यांची राष्ट्रीय सुट्टी टाळून तारीख ठरवा.