मदत हवी आहे: घरात दोन तऱ्हेची कॉफी, हातग्राइंडर कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी,

मी दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. आमच्याकडे सकाळी दोन कॉफ्या होतात. मामाजी, म्हणजे माझे सासरे, फौजेत असताना बरीच वर्षं बंगळूरला होते. तेव्हापासून त्यांना पितळी फिल्टरचं डिकॉक्शन आणि म्हशीचं दूध लागतं. मला बिनदुधाची आवडते, व्ही६० नावाच्या शंकूसारख्या गाळणीत कागदी फिल्टर लावून गाळलेली. १५ ग्रॅम कॉफीला २५० मिली पाणी हे माझं माप. दाणे एकच, चिकमगळूरहून पोस्टाने येतात, मध्यम भाजलेले.

मिक्सर आमच्या कामाचा नाही. सकाळी लाईन असेलच असं नाही, आणि मिक्सरचं पातं दाणे दळत नाही, तोडतं. म्हणून चार वर्षांपूर्वी सिरॅमिक बरचा (बर म्हणजे दाणे दळणारा दातेरी भाग) एक स्वस्तातला हातग्राइंडर घेतला. मामाजींच्या डिकॉक्शनला तो छान चालतो. माझी कॉफी मात्र बिघडते. एकदा त्यांना चाखायला दिली तर म्हणाले, "बाई, हे तं कडू बी लागते अन् आंबट बी. असं कसं?"

त्यांच्या या प्रश्नामुळेच मी खोलात शिरले. १५ ग्रॅम दाणे दळले आणि मैद्याच्या चाळणीतून चाळले. खाली ३ ग्रॅमच्या आसपास पीठ पडलं आणि वर तांदळाच्या कणीपेक्षा मोठे तुकडे राहिले. पीठ पाण्यात लगेच नको तेवढं उतरतं, त्याचा कडवटपणा. मोठे तुकडे आतून कोरडेच राहतात, त्यांचा आंबटपणा. दोन्ही एकाच कपात.

मग ग्राइंडर उघडला. आतला दांडा फक्त वरच्या बाजूला धरलेला आहे, खालचा बर मोकळा डगमगतो. आजीच्या जात्याची मधली खीळ सैल झाली की दळण एकीकडे बारीक, एकीकडे जाड पडायचं, तेच इथे होतंय. बारीक दळताना दोन्ही बर जवळ येतात, डगमगायला जागा उरत नाही, म्हणून मामाजींची कॉफी वाचते. व्ही६०साठी बर दूर सरकवले की घोळ सुरू.

आता स्टीलच्या बरचा, दांड्याला दोन्हीकडे बेअरिंग असलेला घ्यायचं ठरवलंय. वाचून वाचून दोन नावांवर आले आहे. टाइममोर सी२ मध्ये ३८ मिमीचा बर आहे, दळण्याची जाडी बदलायची चकती आत, बरच्या खाली. किनग्राइंडर के६ मध्ये बर ४८ मिमीचा, जाडीचं कडं बाहेर, कड्याच्या एका क्लिकला, म्हणजे खटक्याला, १६ मायक्रॉनचा फरक. दुसरा महाग आहे. पैसे साठवून घेता येईल, पण उगाच नको.

दोन शंका आहेत. आम्हाला रोज दोनदा जाडी बदलावी लागते, त्यात आतल्या चकतीचा किती त्रास होतो? आणि दळायचं काम मामाजी स्वतः करतात, ते त्यांना मनापासून आवडतं. वय ७४, उजव्या अंगठ्याचा सांधा दुखतो. मोठ्या बरला जोर जास्त लागतो म्हणतात, ते कितपत खरं? हे काम त्यांच्या हातातून जावं असं मला अजिबात वाटत नाही.

मोर्शीकर
ताई, रोज दोनदा बदलायचं असेल तर बाहेरचं कडं घ्या. आत चकती असली की दरवेळी खालचा डबा काढा, शून्यावर आणा, क्लिक मोजा. एक क्लिक चुकली की त्या दिवशीची कॉफी वेगळी. बाहेरच्या कड्यावर आकडे असतात, मामाजींचा आकडा आणि तुमचा आकडा कागदावर लिहून डब्याला चिकटवला की झालं.
जोराचं म्हणाल तर मोठ्या बरला एकेक फेरा जड जातो, पण फेरे कमी लागतात. ग्राइंडर सरळ उभा न धरता थोडा आडवा कलता धरून फिरवायला सांगा. दाणे एकदम बरवर पडत नाहीत, थोडे थोडे जातात, हाताला हलकं लागतं आणि पीठही कमी पडतं. फिकट भाजलेले दाणे दगडासारखे असतात, पण तुमचे मध्यम आहेत, ते निभतील.

पऱ्हाटी
ग्राइंडर घ्याच, पण आधी एक विचारतो. पाणी कोणतं वापरता? दर्यापूर म्हणजे खारपाणपट्टा, जमिनीतलं पाणी खारं. बोअरचं पाणी असेल तर कॉफीचा सगळा चटकदारपणा मारून टाकेल. आणि आरओचा जार असेल तर उलटं, त्यात क्षार जवळपास उरत नाहीत, कॉफी पातळ आणि टोचरी आंबट लागते. दळण तेच ठेवून आधी पाणी बदलून बघा.

धागाकर्ती
पऱ्हाटीदादा, जारचंच पाणी होतं. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आज अर्धं जारचं आणि अर्धं धरणाच्या नळाचं, उकळून, असं घेतलं. आंबटपणा बराच बसला! कडवटपणा मात्र तसाच आहे, म्हणजे तो पिठाचाच. ग्राइंडर बदलायलाच हवा.
मोर्शीकरदादा, कलता धरायची युक्ती जुन्यावरच करून पाहिली. मामाजी म्हणाले, हलकं वाटते. उन्हाळ्यात आमच्याकडे हवा इतकी कोरडी असते की दळलेली कॉफी डब्याला आणि झाकणाला चिकटून बसते, त्याला काही उपाय?

मोर्शीकर
दळण्याआधी दाण्यांवर पाण्याचा एक थेंब, चमच्याच्या दांड्याने फिरवून घ्या. एकच थेंब. आणि स्टीलचा बर कधी धुऊ नका, गंज धरतो. ब्रशने झाडायचा.

धागाकर्ती
आभार. मन आता ४८ मिमीकडे झुकलंय. मामाजींच्या डिकॉक्शनला ३० ग्रॅम लागतात, लहान ग्राइंडरमध्ये दोनदा भरावं लागेल, तेही एक कारण. फक्त त्यांच्या अंगठ्याने तो फिरवून बघितल्याशिवाय पैसे टाकायची हिंमत होत नाही. अकोला, अमरावती, परतवाडा या बाजूला कोणाकडे असेल तर एकदा हात लावू द्याल का? दाणे आमचे आणू.

सातपुडा_७
अमरावतीला या, माझ्याकडे के६ आहे. रविवारी सकाळी दहानंतर घरीच असतो. काकांना म्हणावं, दूध म्हशीचंच आहे. पत्ता निरोपात पाठवतो.