रत्नागिरीत आयरिश पारंपरिक मैफल: माइक आणि दमट हवा

मंडळाचा सचिव: जुलैत मंडळाच्या सभागृहात मैफल आहे. एसी नाही, वर पत्रा. फिडल (व्हायोलिन), टिन व्हिसल (पत्र्याची छोटी बासरी), इलन पाइप्स (भात्यावर वाजणारी आयरिश बॅगपाइप), बोरान (डफासारखं चामडी तालवाद्य). माइक किती लावायचे? हवेचा त्रास होईल का?

साउंडवाला: पाच माइक. पाइप्सना दोन लागतात, एक सुरावटीच्या नळीला, एक आडव्या नळ्यांना. व्हिसलचा माइक तोंडासमोर नको, फुंकर आदळते. वीतभर लांब, जरा बाजूला. बोरानचा बास आधीच उतरवा, पत्र्याखाली घुमून फिडल बुडते.

तालवेडा: हवेचा त्रास होणारच. बोरानचं बकऱ्याचं कातडं सैल पडून आवाज बसतो. खरी काळजी पाइप्सची. त्यात फुंकायचं नसतं, कोपराखालचा भाता खोलीतलीच हवा ओढतो, म्हणजे सगळा दमटपणा थेट आतल्या बोरूच्या पातळ जिभांवर. त्या फुगल्या की सूर हलतो, वरचं सप्तक नीट लागत नाही. वाद्यं तासभर आधी सभागृहात आणा, सूर शेवटी जुळवा. पंख्याचा झोत वादकांवर नको.

साउंडवाला: आणि खुर्च्या बिनहाताच्याच ठेवा हो, नाहीतर भात्याला कोपर हलणार नाही.

मंडळाचा सचिव: प्रेक्षक ताल धरतील, तो कसा सांगू?

तालवेडा: जिग आणि रील या नाचाच्या चाली. जिग सहाचा, तीन-तीन, दादऱ्यासारखा. रील चार-चारचा. टाळ्या हळू वाजवा म्हणावं, व्हिसल ऐकू आली पाहिजे.