अंबडला 15 हजारांची नोकरी, हो म्हणू का? (मदत हवी आहे)

नमस्कार. यंदा बीकॉम झाले, फर्स्ट क्लास. एमएस-सीआयटी आणि टॅली झालंय, राहते नाशिकला, जेलरोडला. गुरुवारी अंबड एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत मुलाखत झाली. जाहिरातीत पद होतं ‘ऑफिस एक्झिक्युटिव्ह’. काम बघितलं तर इनवर्ड-आउटवर्ड रजिस्टर, डिलिव्हरी चलन, ई-वे बिल (माल पाठवताना काढायचा जीएसटीचा कागद) आणि दिवसभर फोन.

मी तीन दिवस तयारी केली होती. साहेबांनी फाइल ओढली, बोटाला थुंकी लावून दोन पानं उलटली आणि विचारलं, ‘लग्नाचं काही चाललंय का?’ तेवढ्यात टेम्पोवाल्याचा फोन आला. दहा मिनिटं मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसले. अकाउंट्सचा एक प्रश्न नाही हो! शेवटी म्हणाले, ‘15 हजार सीटीसी (म्हणजे कंपनीचा एकूण खर्च). ओरिजिनल मार्कशीट जमा करायच्या, वर्षानं परत. सोमवारपर्यंत कळवा.’

बाहेर टेबलावरच्या मुलीने हळूच विचारलं, ‘येणार ना तू? तू आलीस की मला सोडतील.’ तिनेच ड्रॉवरमधून पगाराची स्लिप काढून दाखवली. ग्रॉस 13,000, पीएफ 1,560, ईएसआय (आरोग्य विमा) 98, पीटी (व्यवसाय कर) 200. हातात 11,142. निघताना तिचा नंबर घेतला.

पप्पा 26 वर्षं सातपूरला एकाच कंपनीत आहेत. त्यांचं म्हणणं, पहिली नोकरी पगारासाठी करायची नसते. आई म्हणते, घरी बसून काय करणार? दोघांचंही खरं आहे. पण द्वारकेच्या ट्रॅफिकमधून रोज जाऊन-येऊन रजिस्टरच भरायचं का? आणि मार्कशीट द्यायच्या असतात का?

प्रतिसाद:
सातपूरला अकाउंट्समध्ये आहे, म्हणून लिहितो. मूळ मार्कशीट कुणाकडेही ठेवू नकोस. दाखवायच्या आणि घरी आणायच्या. पगारावर तडजोड चालेल, यावर नाही.

स्लिपमधला पीएफ 12 टक्के, ईएसआय पाऊण टक्का, दोन्ही बरोबर. ग्रॉसवर कंपनीच्या वाट्याचे 1,560 आणि 423 चढव, 14,983 होतात. हेच त्यांचे ‘15 हजार’. पण 200 रुपये पीटी कसली कापतात? महाराष्ट्रात एप्रिल 2023 पासून महिलांना महिना 25,000 पगारापर्यंत व्यवसाय कर नाही. त्या मुलीलाही सांग.

कामाचं म्हणशील तर चलन आणि ई-वे बिल वाईट नाही, जीएसटीची सुरुवात तिथूनच होते. फक्त एक विचार, जीएसटीआर-1, म्हणजे विक्रीचं जीएसटी रिटर्न, कोण भरतं? ऑफिसातच भरत असतील तर 11 तारखेच्या आधीच्या धावपळीत तू आपोआप शिकशील. बाहेरचा सीए भरत असेल तर तुझ्या वाट्याला रजिस्टरच.

धागाकर्ती:
आभार, दादा. आज फोन केला. रिटर्न बाहेरचा सीए भरतो. मार्कशीटचं विचारलं तर म्हणाले, ‘इथे सगळेच देतात.’ मी नाही म्हणून टाकलं. घरी अजून सांगितलेलं नाही, रविवारचं जेवण होऊ दे.

त्या मुलीला पीटीचं कळवलं. फेब्रुवारीत 300 कापतात, म्हणजे तिचे वर्षाला 2,500 गेले. बराच वेळ ती टाइप करत होती. मग एवढंच आलं, ‘म्हणजे तू येत नाहीयेस?’